दाते मोजू नका, रेघ हलवा

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या सपाट टप्प्यात शेवटचे २० किलोमीटर उरले की तेवीस संघांच्या गाड्यांतून कानातल्या रेडिओवर जवळजवळ एकाच वेळी एकच हाक जाते: पुढे या. आता हिशोब करून बघा. रस्ता ६ मीटर रुंद धरू. हँडलबार ४० सेंटिमीटरचा असला तरी कोपरं धरून एका माणसाला पाऊण मीटर लागतंच. म्हणजे एका ओळीत आठ जण, तेही दाटीवाटीने. १८४ जणांच्या तेवीस ओळी झाल्या. प्रत्येक संघाला आपला कर्णधार आणि त्याच्या दिमतीचे तिघे पहिल्या तीन ओळींत हवे आहेत. तेवीस चोक ब्याण्णव. जागा मात्र चोवीस.

आणि हे सगळं ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाने. समोर गोल चौक आला की रस्ता दुभंगतो, डावीकडून जवळ पडेल की उजवीकडून हे क्षणात ठरवावं लागतं, आणि दोन्हीकडून आलेले लोंढे पलीकडे पुन्हा एका रस्त्यात शिरतात. तिथे कुणाचं तरी पुढचं चाक कुणाच्या तरी मागच्या चाकाला घासतं. मागचं चाक सहसा सावरतं, पुढचं आडवं होतं. पडतो तो मागचा, आणि त्याच्या मागे असलेले पंधरा जण फुकटात.

या गर्दीवर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने म्हणजे यूसीआयने २०२५ मध्ये सुचवलेला एक उपाय गियर कमी करण्याचा होता. पुढे पेडलपाशी ५४ दात्यांची चेनरिंग, मागच्या चाकापाशी ११ दात्यांचं चक्र, यापेक्षा मोठा गियर नको. पेडलच्या एका फेरीत सायकल जास्तीत जास्त १०.४६ मीटर जावी. ऑक्टोबरमध्ये चीनमधल्या ग्वांगशीच्या शर्यतीत चाचणी घ्यायची ठरली होती. पण सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचात, सगळ्यात लहान चक्र १० दात्यांचं असतं. हा नियम आपल्यालाच आडवा येतो म्हणून ती बेल्जियमच्या स्पर्धा प्राधिकरणाकडे गेली आणि प्राधिकरणाने नियमाला स्थगिती दिली. चाचणी बारगळली. या वादात कंपनीचा धंदा, संघटनेचे अधिकार, तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य या सगळ्यावर भरपूर बोललं गेलं. नियमाने अपघात खरोखर कमी झाले असते का, यावर त्यामानाने कमी.

झाले नसते. गणित अवघड नाही. १०.४६ मीटरला मिनिटाला ११० फेऱ्यांनी गुणलं की ताशी ६९ किलोमीटर होतात. १२० फेऱ्यांनी गुणलं की ७५. स्प्रिंटर शेवटच्या दोनशे मीटरमध्ये १२० फेऱ्या सहज मारतो. म्हणजे सपाटीवरच्या स्प्रिंटचा वेग या नियमाने जेमतेम शिवला जातो. घाटाच्या उतारावर तर नियमाचा संबंधच संपतो. ताशी ७० च्या वर गेल्यावर बहुतेक जण पेडल मारणं सोडून छाती हँडलबारवर टेकवतात आणि गुरुत्वाकर्षणावर जातात. गुरुत्वाकर्षणाला दाते नसतात.

उलट एक नवी अडचण उभी राहिली असती. आज लीड-आउटमधल्या, म्हणजे स्प्रिंटरला वाऱ्याआड ठेवून शेवटापर्यंत खेचत नेणाऱ्या माणसाकडे मोठा गियर असतो, म्हणून तो आपल्या स्प्रिंटरला घेऊन बाजूने वर सरकू शकतो. सगळ्यांची कमाल गती एकाच आकड्यावर बांधली की पुढच्याला ओलांडणं कठीण होतं, घोळका पसरण्याऐवजी आणखी आवळतो, आणि पुढे जायचं तर फटीत घुसण्याशिवाय मार्ग उरत नाही. गंमत म्हणजे याच यूसीआयने कनिष्ठ गटावरची ७.९३ मीटरची गियरमर्यादा २०२३ पासून काढून टाकली. तिथे जी मर्यादा नकोशी वाटली ती इथे तारणहार कशी ठरणार, हे कुणी नीट सांगितलेलं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असला हा प्रकार.

सायकलपटू नेमके कुठे पडतात ते पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. एप्रिल २०२४ मध्ये स्पेनच्या बास्क प्रांतातल्या इट्झुलिया शर्यतीच्या चौथ्या टप्प्यात टूरचे तीन दावेदार व्हिंगेगोर, एव्हनपूल आणि रॉग्लिच एकाच वळणावर पडले. शेवट तिथून ३० किलोमीटरहून अधिक दूर होता. व्हिंगेगोरचं गळ्याखालचं हाड (कॉलरबोन) आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. ते उतारावरचं उजवं वळण होतं आणि बाहेरच्या कडेला सिमेंटची गटार होती. तिथे ५४ दाते असते काय आणि ५६ असते काय.

त्याआधीचं काटोव्हिसे घ्या. ऑगस्ट २०२०, पोलंडच्या शर्यतीचा पहिला टप्पा. शेवटची सरळ उताराची, म्हणून स्प्रिंटचा वेग ताशी ८० च्या घरात. डच स्प्रिंटर ग्रोएनेवेगन आपली रेघ सोडून उजवीकडे आला आणि त्याच्या बाजूने येणारा याकोब्सन कडेच्या बॅरिकेडवर आदळला. बॅरिकेड जागेवर राहिलं नाही, फुटून उडालं. याकोब्सनला कृत्रिम कोमात ठेवावं लागलं. ग्रोएनेवेगनला नऊ महिन्यांची बंदी झाली. ती चुकीची होती असं नाही, पण उताराला आणि बॅरिकेडला बंदी घालता येत नाही. त्या उतारावरच्या स्प्रिंटबद्दल सायकलपटूंनी आधीपासून नाराजी बोलून दाखवली होती. (पुढची हकीकत मात्र विलक्षण आहे: २०२२ च्या टूरमध्ये डेन्मार्कमध्ये दुसरा टप्पा याकोब्सनने जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी तिसरा ग्रोएनेवेगनने.)

बॅरिकेडबद्दल थोडक्यात. नियमानुसार शेवटच्या रेषेआधी ३०० मीटर आणि नंतर १०० मीटर ती दोन्ही बाजूंना हवीतच. पण कशी? जुन्या लोखंडी बॅरिकेडचे पाय रस्त्यावर बाहेर आलेले असतात. कडेने जाणाऱ्याचं पेडल त्यात अडकलं की सायकल जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे जातो. दोन बॅरिकेड एकमेकांत घट्ट अडकवली नसतील तर आदळल्यावर सांधा उघडतो, आणि उघडलेला कोपरा सुरीसारखा काम करतो. रस्त्याच्या बाजूला पाय नसलेली, तिरपी, सलग प्लास्टिकची बॅरिकेड आता बाजारात आहेत आणि बेल्जियममधल्या काही शर्यतींत वापरलीही जातात. ती महाग पडतात आणि लावायला वेळ लागतो. हा पैशाचा प्रश्न आहे, विज्ञानाचा नाही, त्यामुळे त्यावर जास्त वाद घालण्यात अर्थ नाही. विकत घ्यावीत.

खरा प्रश्न त्या ब्याण्णव जणांचा आहे. त्यातल्या निम्म्यांना हा टप्पा जिंकायचाच नाहीये.

तीन आठवड्यांच्या शर्यतीत दोन वेगळ्या शर्यती एकाच रस्त्यावर धावतात. एक आजच्या टप्प्याची, दुसरी एकूण वेळेची. सपाट टप्प्यात पहिली शर्यत स्प्रिंटरांची. दुसरी पिवळ्या जर्सीची, म्हणजे एकूण वेळेतल्या पहिल्या क्रमांकाची. तिच्या दावेदाराचं वजन साठ-पासष्ट किलो, त्याला स्प्रिंटमध्ये काडीचाही रस नाही. त्याला फक्त वेळ गमवायची नाही. पण वेळ शेवटच्या रेषेवर घेतली जाते, म्हणून त्यालाही तिथे, त्याच वेगाने, त्याच गर्दीत असावं लागतं. त्याच्याभोवती त्याचे चार सहकारी. असे आठ-दहा दावेदार. म्हणजे ज्यांना स्प्रिंट करायचा आहे त्यांच्या वाटेत, ज्यांना करायचा नाही असे चाळीस जण उभे.

यावर आजचा उतारा म्हणजे तीन किलोमीटरचा नियम. शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये कुणी पडला, पंक्चर झालं किंवा सायकल बिघडली, तर त्या क्षणी तो ज्या गटात होता त्या गटाची वेळ त्याला मिळते. घाटमाथ्यावर संपणाऱ्या टप्प्यांना हा नियम लागू नाही, तिथे तो नकोच. ऐकायला उत्तम. पण नीट वाचा: नियम पडलेल्याला भरपाई देतो. जो पडला नाही, नुसता मागे राहिला, त्याला काही नाही. गर्दी ताणली गेली, समोरच्या माणसाचे पाय संपले आणि फट पडली, तर ती वेळ गेली. मग शहाणा दावेदार मागे कशाला राहील? तो पुढेच घुसणार. जी गर्दी टाळायची, तिच्यात शिरायला नियमच भाग पाडतो आणि पडलास तर सांभाळून घेऊ म्हणतो.

फट म्हणजे काय याचीही व्याख्या आहे. एका गटातल्या शेवटच्याच्या मागच्या चाकापासून त्यामागून येणाऱ्या गटातल्या पहिल्याच्या पुढच्या चाकापर्यंतचं अंतर वेळेत मोजतात. पूर्वी १ सेकंद झाला की गट वेगळा धरत. ताशी ६० च्या वेगाने १ सेकंद म्हणजे साधारण १७ मीटर, एका संघगाडीच्या तिपटीचौपटीइतकी फट. घनदाट स्प्रिंटसाठी ती मर्यादा ३ सेकंद, म्हणजे ५० मीटर केली हे चांगलं झालं. २०२४ मध्ये प्रयोग म्हणून काही टप्प्यांत ३ किलोमीटरची खूण ५ पर्यंत मागे न्यायची मुभाही दिली. दोन्ही पावलं बरोबर दिशेने आहेत. पण दोन्ही अर्धवट, कारण मूळ गोष्ट, म्हणजे वेळ शेवटच्या रेषेवर घेणं, तशीच ठेवली आहे.

खुणेजवळ काय होतं तेही पाहू. दावेदाराचा संघ खुणेपर्यंत आघाडीवर दम लावून खेचतो. खूण आली की त्यांचं काम बरंचसं संपतं, ते सैल पडतात आणि मागे सरकू लागतात. नेमक्या त्याच क्षणी स्प्रिंटरांच्या आगगाड्या, म्हणजे एकामागे एक लागलेले त्यांचे संघसाथी, मागून वर येत असतात. एक प्रवाह मागे, एक पुढे, रस्ता तोच ६ मीटरचा. खूण किलोमीटर मोजून लावलेली असल्याने तिथे गोल चौक आहे, पूल आहे की गावातली अरुंद गल्ली, हे दैवावर.

म्हणून मागणी अशी आहे: सपाट टप्प्यांत एकूण क्रमवारीची वेळ शेवटच्या रेषेवर घेऊच नका. त्याआधी एक वेगळी रेघ आखा, तिथे प्रत्येकाची वेळ पक्की करा, आणि पुढचा भाग ज्यांना टप्पा जिंकायचा आहे त्यांच्यासाठी मोकळा ठेवा. ही रेघ किती किलोमीटरवर असावी याचा ठरावीक आकडा नको. जागा रस्त्याने ठरवावी. रेघेआधी किमान एक किलोमीटर आणि नंतर दोन किलोमीटर रस्ता दुपदरी रुंदीचा, सरळ, दुभाजकाशिवाय आणि चढउताराशिवाय असावा, म्हणजे मागे सरकणाऱ्याला बाजूला व्हायला जागा मिळते. एखाद्या टप्प्यात अशी जागा ६ किलोमीटरवर सापडेल, एखाद्यात १४ वर. मार्गपुस्तिकेत ती महिनाभर आधी छापलेली असावी, ऐनवेळी पंचांच्या मर्जीवर नको.

आकडा का नको, याचं उत्तर पोन्तिव्हीने दिलं आहे. २८ जून २०२१, टूरचा तिसरा टप्पा, लोरियां ते पोन्तिव्ही. शेवट अरुंद, वळणांचा, उताराचा. एकूण क्रमवारीची वेळ शेवटच्या रेषेऐवजी ८ किलोमीटर आधी घ्यावी अशी सायकलपटूंच्या संघटनेची मागणी होती. ती मान्य झाली नाही. नियम शर्यत चालू असताना बदलता येत नाही असं सांगितलं गेलं. त्या संध्याकाळी जॅक हेग कॉलरबोन मोडून शर्यतीबाहेर गेला, केलेब ईवन शेवटच्या रेषेच्या तोंडाशी पडून बाहेर गेला, रॉग्लिचने १ मिनिट २१ सेकंद गमावले आणि जखमांमुळे नवव्या टप्प्याआधी शर्यत सोडली. दुसऱ्या दिवशी सगळा घोळका सुरुवातीलाच सायकली थांबवून मिनिटभर रस्त्यात उभा राहिला. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर रॉग्लिच पडला तेव्हा साधारण १० किलोमीटर उरले होते. मागितलेली ८ किलोमीटरची रेघ त्याच्या कामी आली नसती. त्या दिवशी रेघ ८ वर नाही, अरुंद रस्ता सुरू होण्याच्या आधी हवी होती, मग ते अंतर काहीही असो.

तांत्रिकदृष्ट्या यात काही अवघड नाही. प्रत्येक सायकलवर वेळ टिपायला खूण पाठवणारा ट्रान्सपॉन्डर असतोच. रस्त्यावर आडवी वायर, वर एक कमान, बाजूला फोटो-फिनिशचा कॅमेरा आणि दोन पंच. मधल्या स्प्रिंटसाठी टूर जवळपास रोजच असा थाट मांडते.

आक्षेप येतो तो चुरशीचा. शेवटच्या किलोमीटरमध्ये दावेदार नसतील तर प्रेक्षक टीव्ही बंद करतील, असं म्हणतात. याचं उत्तर द्यायला आता कल्पना लढवावी लागत नाही. २०२३ च्या व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, बार्सिलोनाच्या दुसऱ्या टप्प्यात पावसामुळे एकूण वेळ ९ किलोमीटर आधी घेतली. टप्पा तरीही झुंजीचाच झाला, आंद्रेआस क्रोनने जिंकला. २०२५ च्या टूरचा शेवटचा दिवस तर याहून बोलका. पॅरिसमध्ये पहिल्यांदाच मोंमार्त्रची चढण तीन वेळा ठेवली होती, आणि पाऊस आला. पंचांनी जवळपास ५० किलोमीटर आधीच वेळ गोठवली. पिवळी जर्सी पोगाचारच्या खिशात पडली होती, त्याला पुढे फक्त सायकल चालवत रेषा ओलांडायची होती. तरी तो ओल्या फरसबंदीवर हल्ले करत राहिला, आणि शेवटच्या चढणीवर व्हान आर्टने त्याला सोडून टप्पा मारला. ज्याला लढायचं होतं तो लढला, ज्याला नव्हतं तो मागे सुखरूप आला. त्या संध्याकाळी टीव्ही कुणी बंद केला असेल असं वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. सपाट टप्प्यातही दावेदाराची कसोटी लागते, आडव्या वाऱ्यात घोळका फुटतो, ते कौशल्य आहे आणि ते मोजलं गेलंच पाहिजे. मान्य. २०२० मध्ये लाव्होरच्या टप्प्यात आडव्या वाऱ्याने घोळका फाडला आणि पोगाचारने तिथे १ मिनिट २१ सेकंद गमावले. शेवटी टूर त्याने ५९ सेकंदांनी जिंकली. पण वारा घोळका फाडतो तो उघड्या शेतांतून, शेवटाच्या कितीतरी आधी. नवी रेघ तिथून पुढे आहे. वाऱ्यात गमावलेली वेळ रेघेवर जशीच्या तशी मोजली जाईल. जाईल ती फक्त गावात शिरल्यावर एखाद्या गोल चौकात पडलेली फट, आणि ती कौशल्यापेक्षा नशिबाची जास्त असते.

तिसरा आक्षेप: रेघ मागे नेली की झोंबाझोंबीही मागे जाईल. जाईलच. म्हणूनच रेघेआधीचा किलोमीटर रुंद हवा. आणि गर्दीत एक मोठा फरक पडेल: रेघेपाशी स्प्रिंटर नसतील. त्यांना तिथे मिळवायचं काही नाही, ते आपली ताकद पुढच्यासाठी राखतील. आज दोन शर्यतींचा कळस एकाच जागी होतो. तो दोन जागी झाला तर प्रत्येक जागची गर्दी निम्मी.

राहता राहिला तो परंपरेचा मुद्दा. पडणं हा खेळाचा भाग आहे, सायकलपटूंनाच हे बदल नको आहेत, वगैरे. १९९१ च्या पॅरिस-नीसमध्ये हेल्मेटसक्ती विरोधात सायकलपटूंनीच संप केला होता आणि सक्ती मागे घेतली गेली. १९९५ मध्ये टूरमध्ये पोर्ते दास्पेच्या उतारावर बार्सिलोना ऑलिंपिकचा विजेता फाबियो कासार्तेली गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सक्ती आली ती २००३ मध्ये, त्याच पॅरिस-नीसमध्ये आंद्रेई किविलेव्ह गेल्यावर. आज कुणी उघड्या डोक्याने सुरुवातीच्या रेषेवर आला तर सहकारीच त्याला वेड्यात काढतील.

यूसीआयचं पिवळं कार्डही याच संदर्भात तपासायला हवं. २०२५ पासून एका शर्यतीत दोन कार्डं मिळाली की हकालपट्टी आणि सात दिवस निलंबन. हात सोडून साजरं करणारा, काम संपल्यावर स्प्रिंटरांच्या वाटेत उभा राहणारा लीड-आउटवाला, गर्दीत गाडी घुसवणारा संघचालक, यांना वचक बसतो, तेवढा उपयोग नक्की आहे. पण कार्ड माणसाला मिळतं. २३ संघांना एकाच गल्लीत लोटणाऱ्या वेळापत्रकाला ते दाखवता येत नाही.

एक गाठ मात्र सोडवावी लागेल. सपाट टप्प्यातही पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते आणि ती एकूण वेळेतून वजा होते. वेळ रेघेवर गोठवली तरी ही सूट शेवटच्या रेषेवर ठेवली, तर एखादा दावेदार तेवढ्यासाठी स्प्रिंटमध्ये उतरू शकतो. काढून टाकावी असं काहींचं म्हणणं आहे. ठेवावी. पहिल्या आठवड्यात एखादा स्प्रिंटर त्याच सेकंदांवर पिवळी जर्सी अंगावर घालतो, ती मजा कशाला घालवायची? ज्या दावेदाराला १० सेकंदांसाठी स्प्रिंटरांशी खांदा लावायचा आहे त्याने खुशाल लावावा, तो त्याचा निर्णय. त्याच्या मागच्या दीडशे जणांना मात्र त्या गल्लीत ताशी ६० ने शिरण्याचं कारण उरणार नाही.